अतिदक्षता विभागाचा डॉक्टर आणि त्याची मुलाखत

लातूर जिल्ह्यात परीक्षेची तयारी ही एक विद्याच होऊन बसली आहे. प्रश्नपत्रिका पुनःपुन्हा सोडवून घ्यावयाच्या, चुका वहीत टिपावयाच्या आणि चुकलेला भाग पक्का झाल्यावाचून विद्यार्थ्याला पुढे जाऊ द्यावयाचे नाही, ह्या शिस्तीला सारा महाराष्ट्र ‘लातूर पॅटर्न’ ह्या नावाने ओळखतो. उदगीर हे ह्याच जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या चिंतेने रात्री उशिरापर्यंत दिवा जळत असलेली घरे येथेही कमी नाहीत. परंतु मूल डॉक्टर होऊन, पुढची पदवी घेऊन, कामात मुरल्यावर त्याच वाटेच्या दुसऱ्या टोकाला आणखी एक परीक्षा उभी असते आणि तिची वार्ता ह्या घरांना सहसा नसते. मोठ्या रुग्णालयातील अतिदक्षता विभागाच्या वरिष्ठ डॉक्टरच्या जागेसाठी होणारी मुलाखत, ती ही परीक्षा. तिला नेमलेले पुस्तक नाही, गुणपत्रक नाही आणि पाठांतराचा तिथे फारसा उपयोगही नाही. तिची तयारी कशी करावी, हा आजच्या भाषणाचा विषय होय. जे श्रोते वैद्यकीच्या व्यवसायात नाहीत त्यांनीही तो परका मानू नये. त्या खुर्चीवर कोण बसतो, ह्याचा परिणाम एखाद्या रात्री कोणाच्याही घरावर होऊ शकतो.

प्रथम हा विभाग कसा जन्मास आला ते पाहू. १९५२ साली डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन येथे पोलिओची भयंकर साथ आली. ब्लेगडॅम रुग्णालयात पहिल्या तीन आठवड्यांत श्वासाचे वा गिळण्याचे स्नायू लुळे पडलेले ३१ रोगी आले. त्यांतील २७ दगावले. तेव्हा ब्यॉर्न इब्सेन ह्या भूलतज्ज्ञास पाचारण करण्यात आले. शस्त्रक्रियेच्या वेळी रोग्याच्या श्वासनलिकेत नळी घालून रबरी पिशवीने हवा देतात. तीच युक्ती त्याने २७ ऑगस्ट रोजी बारा वर्षांच्या एका मुलीवर योजिली आणि मुलगी वाचली. पण इतक्या रोग्यांना पुरतील एवढी यंत्रे कोठे होती? तेव्हा वैद्यकीचे सुमारे १५०० विद्यार्थी पाळीपाळीने रोग्यांच्या उशाशी बसले आणि कित्येक महिने रात्रंदिवस हातांनी पिशवी दाबीत राहिले. मृत्यूचे प्रमाण निम्म्याहून खाली उतरले. १९५३ च्या अखेरीस इब्सेनने त्याच शहरात गंभीर रोग्यांसाठी स्वतंत्र विभाग उघडला. यंत्रे पुढे आली आणि सुधारत गेली. तथापि रोग्याजवळून न हलणारे माणूस हे ह्या विभागाचे मूळ भांडवल आहे, आणि मुलाखतीत विचारले जाणारे बहुतेक प्रश्न फिरून फिरून तेथेच येतात.

आपल्या देशात ह्या शाखेच्या डॉक्टरांची संस्था, इंडियन सोसायटी ऑफ क्रिटिकल केअर मेडिसिन, १९९३ च्या ऑक्टोबरात स्थापन झाली. त्याच्या थोडेच दिवस आधी, ३० सप्टेंबरच्या पहाटे, किल्लारीच्या भूकंपाने लातूर आणि धाराशिव भागातील खेडी जमीनदोस्त केली होती. ह्या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही. परंतु त्या वेळी लातुरात सरकारी वैद्यकीय महाविद्यालय नव्हते. अंबाजोगाई, नांदेड वा सोलापूर गाठावे लागे. लातूरचे महाविद्यालय २००२ साली निघाले. म्हणजे ह्या भागात अशा जागा निर्माण होण्यास, आणि त्यांसाठी येथल्याच मुलांनी उमेदवार म्हणून उभे राहण्यास, एक पिढी जावी लागली.

आता मुलाखत घेतो कोण? महाराष्ट्रातील सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांतील अध्यापकांच्या कायम जागांची निवड लोकसेवा आयोगामार्फत होते; खाजगी व धर्मादाय रुग्णालये आपापली निवड मंडळे नेमतात. इंग्लंडातही मराठी डॉक्टर पुष्कळ आहेत. तेथील सार्वजनिक रुग्णालयांसाठी १९९६ साली जे नियम झाले त्यांप्रमाणे मंडळावर रुग्णालयाचे अधिकारी, त्या शाखेचा वरिष्ठ डॉक्टर आणि बाहेरचा तज्ज्ञ असतो. शिवाय वैद्यकीशी संबंध नसलेला एक सामान्य नागरिकही असतो. ही योजना मोठी मार्मिक आहे. तज्ज्ञ उमेदवाराचे ज्ञान तपासतील, अधिकारी त्याची कार्यक्षमता पाहतील. पण त्या नागरिकाच्या मनात एकच प्रश्न असणार, की उद्या आपली आई ह्या माणसाच्या स्वाधीन करता येईल काय? मंडळावर असा नागरिक असो वा नसो, उमेदवाराने तो समोर बसला आहे असे धरूनच तयारी केली पाहिजे.

कनिष्ठ डॉक्टरला विचारतात, ‘तुम्ही काय कराल?’ वरिष्ठाला विचारावयाचे असते ते असे, की ‘तुम्ही कोणाकडून करवून घ्याल, कोणाला नकार द्याल आणि त्याचे उत्तर कोणाला द्याल?’ उमेदवाराजवळ पदव्या असतातच. औषधवैद्यक, भूलशास्त्र किंवा फुप्फुसरोग ह्यांसारख्या विषयातील पदवी आणि तिच्यावर ह्या शाखेचे विशेष शिक्षण घेतल्यावाचून त्याला सहसा बोलावणेच येत नाही. मंडळाला उरलेले पारखावयाचे असते. त्या उरलेल्याचे चार भाग पाडता येतील: जागेची ओळख, स्वतःच्या कामाचा हिशेब, कायद्याची व माणुसकीची जाण, आणि सहकाऱ्यांशी वागणूक.

पहिला भाग जागेच्या ओळखीचा. ज्या रुग्णालयात जावयाचे ते उमेदवाराने आधी पायांखाली घातले पाहिजे. खाटा किती, रात्रपाळीस परिचारिका किती, प्राणवायूचा साठा कोठे, रक्तपेढी किती दूर, ह्या गोष्टी विचारून घ्याव्या. परंतु तेवढ्याने भागत नाही. रोगी कोठून येतात, तो रस्ताही पाहिला पाहिजे. उदगीर ते लातूर हा साठ-पासष्ट किलोमीटरचा पल्ला. जळकोट, देवणी, नांदेड जिल्ह्यातले मुखेड, सीमेपलीकडचे औराद आणि भालकी ह्या बाजूंचे रोगी आधी उदगिरास येतात आणि प्रकृती बिघडली की पुढे निघतात. कोणी मराठी बोलतो, कोणी कानडी, कोणी दखनी उर्दू, तर तांड्यावरून आलेला गोरमाटी बोलतो.

समजा, मंडळाने विचारले: ‘पहाटे चार वाजता जळकोट तालुक्यातला तिशीचा शेतकरी उदगीरमार्गे तुमच्याकडे आणला आहे. हात-पाय हलत नाहीत, डोळ्यांच्या बाहुल्या उजेडाला दाद देत नाहीत, अंगावर जखम नाही. काय कराल?’ श्वासाची नळी आणि यंत्र ही तर तत्काळ हवीतच, हे प्रत्येक उमेदवार सांगेल. त्यापुढे पुस्तकी उमेदवार तपासण्यांची यादी म्हणून दाखवील. ह्या मातीची ओळख असलेला उमेदवार नातेवाइकांकडे वळून विचारील, ‘काल रात्री हे कोठे निजले होते?’ उत्तर जर ‘शेतात, जमिनीवर’ असे आले, तर मण्यार सापाचा संशय घ्यावयाचा. मण्यार बहुधा रात्री, झोपेत चावते. तिच्या दाताची खूण दिसेलच असे नाही. वेदना व सूज नसल्यासारखीच. आधी पोटात कळा येतात, मग पापण्या जड होतात, घास गिळवत नाही आणि अखेर श्वास थांबतो. मेंदू मृत झाल्याची बाह्य लक्षणे दिसतात, परंतु मेंदू शाबूत असतो. सर्पविषावरची लस द्यावी, कृत्रिम श्वास अखंड चालू ठेवावा. पुष्कळदा काही दिवसांनी तो मनुष्य आपल्या पायांनी घरी जातो.

हे उत्तर बरोबर झाले. पण ते चांगल्या डॉक्टरचे उत्तर झाले. वरिष्ठाच्या उत्तराला आणखी एक पायरी असते. त्या साठ-पासष्ट किलोमीटरांत ह्या शेतकऱ्याला श्वास कोणी दिला? १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका महाराष्ट्रात २०१४ पासून धावते आहे. परंतु गाडीत पिशवी दाबणारा शिकलेला हात होता काय? उदगीरच्या डॉक्टरने लातूरला आधी दूरध्वनी केला होता काय, आणि केला असल्यास तो उचलला कोणी? जो उमेदवार म्हणेल, ‘रुजू झाल्यावर पहिल्या महिन्यातच तालुक्यांच्या रुग्णालयांत जाऊन तेथील लोकांना पिशवी आणि नळी ह्यांचा सराव देईन, आणि रात्री फोन उचलणारा एक माणूस नेमून देईन,’ त्याला ही जागा कळली असे समजावे. कीटकनाशक पोटात गेलेल्या रोग्याची गोष्टही अशीच आहे. ॲट्रोपीन कोणते व किती, हे सर्वांना ठाऊक असते. पण ते तालुक्यातच सुरू झाले की लातूरची वाट पाहत राहिले, ह्यावर पुष्कळ काही अवलंबून असते. आणि ते विष चुकून गेले की कर्जाच्या काळजीने मुद्दाम घेतले, हे विचारून, वाचलेल्या माणसाला पुन्हा त्याच काळजीच्या तोंडी न देण्याची तजवीज करणे, हेही त्याच डॉक्टरचे काम आहे.

लहान जागी काम केलेल्या उमेदवाराला मोठ्या शहरातील मंडळापुढे संकोच वाटतो. तो व्यर्थ आहे. जालना जिल्ह्यातील देहेड गावचे डॉ. हिंमतराव बावस्कर महाडजवळच्या बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात असताना विंचूदंशाच्या रोग्यांजवळ रात्र-रात्र बसून नाडी, रक्तदाब, घाम आणि श्वास ह्यांची नोंद करीत. त्यांची निरीक्षणे १९८२ साली ‘लॅन्सेट’ ह्या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आली, आणि १९८६ साली त्याच नियतकालिकात प्राझोसिन ह्या औषधाच्या गुणाविषयीचा त्यांचा लेख आला. त्या उपचाराने कोकणातील विंचूदंशाचे मृत्यू फार घटले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्यापाशी अतिदक्षता विभाग नव्हता; अतिदक्षता मात्र होती. तेव्हा ‘आमच्याकडे साधने नव्हती’ एवढेच सांगून न थांबता, ‘साधने नव्हती तेव्हा आम्ही अमुक पाहिले, अमुक केले’ असे ज्याला सांगता येते, त्याचा अनुभव कोणत्याही मंडळाला वजनदारच वाटेल.

दुसरा भाग स्वतःच्या कामाच्या हिशेबाचा. दुकानदाराला आपली खतावणी ठाऊक असते. डॉक्टरला आपली असलीच पाहिजे. गेल्या वर्षी विभागात किती रोगी आले, किती बरे होऊन गेले, किती दगावले, नळीमुळे वा सुईमुळे किती जणांना नवा जंतुसंसर्ग झाला, बाहेर हलविल्यावर दोन दिवसांत किती जण परत आणावे लागले, हे आकडे उमेदवाराच्या जिभेवर हवेत. आणि ते खरे हवेत. एखाद्या संशोधनाने त्याची रीत कशी बदलली, हेही विचारतात. उदाहरणार्थ, फुप्फुसे सुजलेल्या रोग्याच्या छातीत यंत्राने प्रत्येक श्वासागणिक हवा किती भरावी? पूर्वी भरपूर भरीत. २००० साली अमेरिकेत ८६१ रोग्यांवर झालेल्या अभ्यासात बेताची हवा दिलेल्यांपैकी ३१ टक्के दगावले, तर जास्त दिलेल्यांपैकी जवळजवळ ४० टक्के. हा आकडा सांगणे सोपे आहे. परंतु ‘आमच्या विभागात रोग्याची उंची मोजून हवा ठरविली जाते की अंदाजाने?’ हा पुढचा प्रश्न आला, की घोकलेले ज्ञान आणि आचरलेले ज्ञान ह्यांतील अंतर उघडे पडते.

हिशेबात अपयशही येते. ३० सप्टेंबर व १ ऑक्टोबर २०२३ ह्या दोन दिवसांतील चोवीस तासांत नांदेडच्या सरकारी रुग्णालयात २४ रोगी दगावले. त्यांत १२ नवजात अर्भके होती. पुष्कळ रोगी लांबून आणि शेवटच्या अवस्थेत आले होते, असे प्रशासनाकडून सांगण्यात आले. औषधांच्या व मनुष्यबळाच्या टंचाईची तक्रार झाली. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. मराठवाड्यातील मुलाखतीत ह्या धर्तीचा प्रश्न निघाला तर नवल नाही: ‘तुमच्या विभागात असे घडले तर दुसऱ्या दिवशी सकाळी काय कराल?’ येथे सरकारला नावे ठेवणे सोपे आणि रोग्यांच्या नातेवाइकांवर ढकलणे त्याहून सोपे. जबाबदार उमेदवार म्हणेल: प्रत्येक मृत्यूची कागदपत्रे त्याच दिवशी सर्वांनी मिळून वाचू, जे टळण्याजोगे होते ते वेगळे काढू, जे कमी पडले ते वरिष्ठांस लेखी कळवू, आणि घरच्या लोकांना बोलावून, लपवाछपवी न करता सांगू. मोघम उत्तर मंडळाला ताबडतोब ऐकू येते.

तिसरा भाग सर्वांत अवघड. जीव वाचविण्याचे यंत्र हाती असणाऱ्याला ते केव्हा थांबवावे हेही ठरवावे लागते. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात दीर्घकाळ निश्चेष्ट पडून असलेल्या अरुणा शानबाग ह्यांच्या निमित्ताने सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली ह्या प्रश्नावर निर्णय दिला. २०१८ च्या निर्णयाने सन्मानाने मरण येऊ देण्याचा अधिकार व आगाऊ लिहून ठेवलेली इच्छा मान्य झाली. २०२३ साली त्याची रीत सोपी करण्यात आली. उपचार करणारा डॉक्टर आणि किमान पाच वर्षांचा अनुभव असलेले दोन तज्ज्ञ ह्यांचे पहिले मंडळ, त्यानंतर दुसरे स्वतंत्र मंडळ, दोघांनीही शक्यतो ४८ तासांत मत द्यावे, आणि उपचार थांबविण्यापूर्वी दंडाधिकाऱ्यांस कळवावे, असा तो क्रम आहे. अवयवदानाविषयी १९९४ चा कायदा आहे. मेंदूमृत्यू ठरविण्यास चार डॉक्टरांचे मंडळ आणि किमान सहा तासांच्या अंतराने दोन तपासण्या लागतात. तो निर्णय करण्यापूर्वी विष व औषध ह्यांचा परिणाम नाही, अशी खात्री करावी लागते. शेतात निजलेल्या त्या माणसाची आठवण येथे ठेवावी.

परंतु कलमे पाठ असणे निराळे आणि दाराबाहेर सतरंजीवर बसलेल्या माणसांशी बोलणे निराळे. काही मंडळे उमेदवाराला हे संभाषण प्रत्यक्ष करून दाखवावयास लावतात. मुलगा विचारतो, ‘डॉक्टरसाहेब, आमची म्हातारी उठंल का?’ ह्यावर ‘बहुअवयवी निकामीपणा आहे’ असे म्हणणारा खरे बोलला, पण काहीच बोलला नाही. ‘मामा, आईंची फुप्फुसं आणि मूत्रपिंडं दोन्ही थकली आहेत. करण्यासारखं सगळं आम्ही करतो आहोत. तरी त्या ह्यातून उठतील असं मला आज वाटत नाही. त्यांना त्रास होणार नाही ह्याची काळजी घेतो. संध्याकाळी सहाला मी पुन्हा तुमच्याशी बोलायला येतो,’ असे जो म्हणतो आणि मग गप्प बसून समोरच्याला रडू देतो, त्याने उत्तर दिले. पैशाचा प्रश्नही येथेच येतो. घरच्यांनी शेत गहाण टाकण्यापूर्वी, त्या खर्चातून काय हाती येईल हे त्यांना प्रामाणिकपणे सांगणे डॉक्टरचे कर्तव्य आहे. आणि महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत बसणाऱ्या रोग्याचे कागद कोण करील, हेही त्याला ठाऊक असले पाहिजे.

चौथा भाग सहकाऱ्यांचा. रात्री तीन वाजता रोग्याच्या श्वासातला फरक प्रथम परिचारिकेच्या ध्यानी येतो. ती नवी असेल, भित्री असेल. ‘साहेब रागावतील’ ह्या धाकाने तिने फोन केला नाही, तर उत्तम यंत्रही निरुपयोगी. म्हणून मंडळ विचारते, ‘तुमची चूक कनिष्ठाने दाखविली असा प्रसंग सांगा.’ असा प्रसंगच आला नाही असे सांगणाऱ्याविषयी मंडळ दोनच तर्क करील: एक, तो खरे सांगत नाही, किंवा दुसरा, त्याच्यापुढे बोलण्याची कोणाची छाती होत नाही.

राहता राहिली सरावाची रीत. मुलाखतीचे पत्र आल्यावर तयारीस लागणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे होय. चांगला उमेदवार वर्षभर एक वही ठेवतो. ज्या दहा-बारा रोग्यांनी त्याला विचारात पाडले, त्यांचे नाव-गाव न लिहिता, काय पाहिले, काय ठरविले, काय झाले आणि पुढे रीत काय बदलली, ही चार टिपणे तो करतो. मंडळाचा प्रश्न कोणताही येवो, त्याचे खरे उत्तर बहुधा ह्या वहीत असते. मग ते मोठ्याने बोलून पाहावे. मनातल्या मनात प्रत्येक जण वक्ताच असतो. एक उत्तर दोन-तीन मिनिटांचे असावे. ऐकावयास दुसरा डॉक्टर तर बसवावाच, पण एकदा घरातील वैद्यकी न शिकलेले माणूसही बसवावे. आईला वा बहिणीला जे कळले नाही, ते त्याला स्वतःलाच अर्धवट कळले आहे असे समजावे. आणि जे ठाऊक नाही त्याला ‘ठाऊक नाही, अमुक व्यक्तीला विचारीन’ असे सरळ म्हणण्याचाही सराव करावा. अतिदक्षता विभागात खोटा आत्मविश्वास ही फार महाग वस्तू आहे. तिची किंमत दुसराच कोणी देतो.

श्रोतेहो, लातूर पॅटर्नचा एक गुण ह्या परीक्षेतही कामास येतो, तो म्हणजे चुकांची वही. बाकी सारे वेगळे आहे. शाळेच्या परीक्षेत नापास झालेला विद्यार्थी पुन्हा बसतो आणि नुकसान त्याचे त्यालाच होते. ह्या परीक्षेत अयोग्य माणूस पास झाला तर त्याला स्वतःला काहीच होत नाही. होते ते उदगीरहून रात्री निघालेल्या गाडीतल्या माणसाला. म्हणून उमेदवाराने ‘मला ही जागा कशी मिळेल’ ह्या प्रश्नाबरोबरच ‘ती गाडी दाराशी थांबेल तेव्हा मी कसा असेन’ हा प्रश्न रोज स्वतःला घालावा. आणि ज्या घरांत आज प्रवेशपरीक्षेचा दिवा जळतो आहे, तेथील वडीलधाऱ्यांनी मुलाला गुणांचा आकडा विचारावा तसेच अधूनमधून हेही विचारावे, की आज शेजारच्या आजारी माणसाला पाहून आलास काय? त्या दूरच्या मुलाखतीची तयारी तेथूनच सुरू होते.